बरणीवरचं १८५८ आणि बरणीचं खरं वय

जुन्या काचेच्या बरणीवर १८५८ हा आकडा दिसला की भल्याभल्यांचा आवाज बदलतो. आमच्या सोलापूरच्या मंगळवार बाजारात भंगाराचा ढीग लावून बसलेला माणूस असो किंवा आजीचं घर आवरायला पुण्याहून आलेली नात असो, बरणी पुढं ठेवताना बोलणं तेच: "बाई, यावर तारीखच लिहिलीय की. दीडशे वर्षांच्या वरची आहे." मी बरणी घेते आणि आधी तिच्या काठावरून नख फिरवते. मग ती उलटी करून बूड बघते. अक्षरं सगळ्यात शेवटी वाचते. ज्याला जुन्या बरण्या जमवायच्या आहेत त्यानं ही एक सवय लावून घ्यावी, असं मी प्रत्येकाला सांगते. अक्षरं साच्यात कोरलेली असतात आणि साच्यात काय कोरायचं ते विकणारा ठरवतो. काच घडताना काठावर, बुडाला आणि अंगावर ज्या खुणा उमटतात, त्या कोणाला हव्यात म्हणून उमटत नाहीत.

१८५८ चं आधी निकालात काढू. जॉन लँडिस मेसन हा अमेरिकेतला पत्र्याची कामं करणारा कारागीर. काचेच्या बरणीच्या तोंडाला बाहेरून आटे पाडायचे आणि त्यावर जस्ताचं झाकण फिरवून घट्ट बसवायचं, ही त्याची युक्ती. तिचं पेटंट त्याला ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मिळालं. पुढं पेटंटची मुदत संपली तसे कितीतरी कारखाने तशाच बरण्या काढू लागले आणि 'मेसन्स पेटंट, नोव्हेंबर ३०, १८५८' ही ओळ बरणीवर उठवायची चालच पडली. गिऱ्हाइकाला ती ओळ ओळखीची होती, तिच्यावर विश्वास होता, म्हणून ती राहिली. विसावं शतक उजाडल्यानंतरही ती छापली जात होती. त्यामुळं या ओळीवरून एवढंच ठरतं की बरणी १८५८ च्या आधीची नाही. ती १८७५ ची असेल, १९०५ ची असेल, आणि अलीकडं नक्कल म्हणून काढलेली असली तरी ओळ तीच असेल. मेसनला या सगळ्यातून फारसं काही मिळालं नाही. १९०२ साली तो गेला तो गरिबीत. त्याच्या नावाच्या बरण्या घरोघरी होत्या तेव्हा. मला ही गोष्ट दरवेळी लागते.

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. सगळं आयुष्य काचेशी गेलं. काचेची नळी कानशीनं रेघ मारून मोडली की तिचा काठ बोटाला कापतो. तो बर्नरवर फिरवत धरला की वितळून गोल होतो. विद्यार्थ्यांना हे दाखवताना मी डोळे मिटून काठ ओळखायला लावायची. बरण्यांचं वय ओळखायला हीच ओळख कामाला येते.

जुनी मेसन बरणी अशी व्हायची: कारागीर लांब फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, तो लोखंडी साच्यात सोडायचा आणि फुंकायचा. काच साच्यात भरून वर फुंकणीपर्यंत गेलेली असायची. बरणी गार झाल्यावर तो वरचा भाग तोडून टाकायचा आणि तुटलेला काठ चाकावर घासून सपाट करायचा. हा घासलेला काठ बोटाला खरखरीत लागतो, उजेडात धरला तर बारीक साखरेसारखा दिसतो, आणि त्याच्या कडेला टवके उडालेले असतात. टवके दिसले म्हणून लोक नाराज होतात. मला तर टवके नसलेला घासीव काठ दिसला की जरा शंका येते. यंत्रावरच्या बरणीचा काठ याउलट गुळगुळीत आणि गोलसर असतो. रुंद तोंडाच्या बरण्यांसाठी यंत्रं १८९० च्या दशकात आली आणि मायकेल ओवेन्सचं पूर्ण स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हातानं फुंकलेली बरणी मागं पडली. म्हणून ढोबळमानानं सांगायचं तर घासीव काठ म्हणजे १९०० च्या आसपासची किंवा तिच्याही आधीची बरणी. गुळगुळीत काठ म्हणजे त्यानंतरची. ही विभागणी नखानं होते, चष्माही लागत नाही.

इथं एक सांगून ठेवते, कारण बाटल्या जमवणारी मंडळी नेमकी इथं चकतात. बाटल्यांचा एक प्रसिद्ध नियम आहे: साच्याची उभी रेघ मानेपाशी थांबली तर बाटली जुनी, काठापर्यंत गेली तर यंत्राची. बाटलीचं तोंड वेगळ्या हत्यारानं वळवत असत, त्यात वरची रेघ पुसली जायची, म्हणून तो नियम बाटल्यांना लागू पडतो. घासीव काठाच्या बरणीला लावला की उत्तर उलटं येतं. या बरणीचे आटे आणि तोंड साच्यातच तयार झालेले असतात, त्यामुळं हातानं फुंकलेली असूनही रेघ थेट काठापर्यंत जाते. यंत्राची बरणी ओळखायची ती आडव्या रेघेवरून. यंत्रात तोंडाचा साचा वेगळा असतो, त्यामुळं आट्यांच्या खाली गळ्याभोवती गोल फिरलेली एक रेघ मिळते आणि काठावरही बारीक रेघ दिसते. बॅटरीचा उजेड तिरपा टाकला तर लगेच सापडते.

बुडाला ओवेन्सच्या यंत्राची खूण फार छान उमटते. हे यंत्र वितळलेली काच खालून शोषून घ्यायचं आणि मग सुरीनं तोडायचं. तोडल्याची वेडीवाकडी, पिसाऱ्यासारखी गोल रेघ बुडावर राहते, बहुतेक वेळा मधोमध नसून एका बाजूला सरकलेली. ही खूण दिसली तर १९०३ च्या आधीचं नाव काढायचं नाही, वर काहीही लिहिलेलं असो. बुडावर जो आकडा असतो तो साच्याचा क्रमांक. ७१ लिहिलंय म्हणजे १८७१ असं धरून चालणारे कमी नाहीत. एकाच कारखान्यात अनेक साचे चालायचे, कोणत्या साच्याची बरणी सदोष निघते ते कळावं म्हणून हे आकडे. अमेरिकेत १३ आकड्याच्या बरणीला जास्त पैसे मोजतात. अशुभ म्हणून बायकांनी त्या फोडून टाकल्या आणि म्हणून त्या दुर्मीळ झाल्या, अशी कथा सांगतात. कथा म्हणून ऐकायला बरी आहे. मी त्यासाठी एक रुपया जास्त देणार नाही.

आता सोलापुरात या बरण्या कुठून येणार, असं कोणीही विचारेल. आपलं लोणचं मिठावर, तेलावर आणि आंबटावर टिकतं. त्याला चिनी मातीची बरणी आणि वर बांधलेला दादरा पुरतो. फळं-भाज्या शिजवून, गरम असताना काचेत बंद करायच्या आणि गार होताना आतली वाफ आकसून झाकण आत ओढलं जायचं, ही साठवण थंड मुलखातली. तिकडं चार-पाच महिने शेतात काही नसतं. निकोला आपेर या फ्रेंच माणसानं ही रीत शोधली आणि १८१० साली फ्रेंच सरकारनं त्याला त्यासाठी १२,००० फ्रँक दिले. जंतूंमुळं अन्न नासतं हे पाश्चर सांगायच्या कितीतरी आधी. आपल्याकडच्या घरांना याची गरज पडली नाही, म्हणून आपल्या माळ्यांवर मेसन बरण्या नसतात.

पण सोलापूर हे काही आडगाव नव्हतं. १८६० साली रेल्वे इथं पोचली. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली आणि मागोमाग आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. रेल्वेचे आणि गिरण्यांचे साहेब लोक बंगल्यांतून राहायचे. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं एकोणिसाव्या शतकापासून होतं, शाळा होत्या, बालवाडी होती, अमेरिकेतून आलेली कुटुंबं वर्षानुवर्षं इथं राहिली. अशा घरांच्या सामानातून बरण्या आल्या असाव्यात असं माझं मत आहे. घरं रिकामी झाली, सामान नोकरचाकरांकडं गेलं, त्यांच्याकडून भंगारात. प्रत्येक बरणीचा प्रवास असा सिद्ध करता येत नाही, पण ज्या मला मिळाल्या त्या रेल्वे लाइन्सच्या बाजूच्या जुन्या घरांतून निघालेल्या सामानात होत्या.

त्यातली एक सविस्तर सांगते. अर्धा गॅलन मापाची असावी. रंग फिकट निळसर हिरवा, काचेत लोखंडाचा अंश राहिला की येतो तो. भंगारवाल्याकडं ती खिळ्यांनी भरलेली होती. "बाई, खिळे काढून देतो, बरणी न्या. तुम्ही नेहमीच्या, तुमच्याकडून काय जास्त घ्यायचं." खिळ्यांचा गंज आतून तळाशी धरलेला होता, तो अजूनही पूर्ण गेलेला नाही. काठ घासीव, एका जागी करंगळीच्या नखाएवढा टवका. त्या टवक्याच्या आत काच अगदी स्वच्छ, चकचकीत, म्हणजे टवका फार जुना नसावा. अंगाला बुडबुडे, आणि ते उभे लांबट, फुंकताना काच ज्या दिशेनं ताणली गेली त्या दिशेनं. खांद्याजवळ काच जाड आणि पोटाजवळ पातळ, टिचकी मारली की आवाजातला फरक कळतो. उभ्या रेघा दोन, दोन्ही काठापर्यंत. गळ्याभोवती आडवी रेघ नाही. अंगावर मेसनची ती प्रसिद्ध ओळ, कारखान्याचं नाव कुठंच नाही.

झाकण तिच्याबरोबरच मिळालं, जस्ताचं, राखाडी पडलेलं, आतून दुधी काचेची चकती. ही चकती म्हणजे लुइस बॉइडची सुधारणा, १८६९ ची. आंबट फळांमुळं जस्त विरघळायचं आणि पदार्थाला धातूची चव यायची, म्हणून आतून काच लावली. म्हणजे हे झाकण या बरणीचं मूळचं असेल तर बरणी १८६९ नंतरची. पण झाकणावर मी वय ठरवत नाही. झाकणं एकमेकांना बसतात, घरात अदलाबदल होते. काठ, रेघा आणि बुडबुडे धरून ती १८७० ते १९०० मधली म्हणता येते. याहून नेमकं साल मला कोणी विचारलं तर मी देत नाही. तीस वर्षांचा पट्टा पक्का सांगणं हे एक साल अंदाजानं सांगण्यापेक्षा केव्हाही मोलाचं आहे. विकणाऱ्यांना ते आवडत नाही.

नाव असलेली बरणी मिळाली तर काम सोपं होतं. सगळ्यात जास्त दिसतात त्या बॉल कंपनीच्या. पाच भाऊ, आधी बफेलोमध्ये रॉकेलचे डबे करायचे, १८८४ पासून बरण्या करू लागले. तिथला कारखाना जळाला, मग नैसर्गिक वायू मुबलक मिळतो म्हणून इंडियानातल्या मन्सी गावी गेले. त्यांच्या नावाची वळणदार अक्षरं काळानुसार बदलत गेली. शेवटच्या दोन एलनंतर तिसऱ्या एलसारखं एक वेटोळं दिसलं तर बरणी साधारण १९०० ते १९१० ची. 'परफेक्ट मेसन' हे नाव १९१३ च्या सुमाराचं. त्यांची ती निळी काच १९३७ च्या आसपास बंद झाली. म्हणजे निळ्या काचेवर 'परफेक्ट मेसन' असेल तर १९१३ ते १९३७, यात वाद नाही. माझ्याकडं येणाऱ्या निळ्या बरण्यांपैकी बहुतेक याच असतात. या कोट्यवधी निघाल्या आणि अमेरिकेत आजही काही डॉलरांत मिळतात. इकडं कोणी त्यांचे पंधरा हजार सांगतं तेव्हा मी सरळ सांगते, देऊ नका.

त्या निळ्या रंगामागं एक जागा आहे. मिशिगन सरोवराच्या काठी मिशिगन सिटी गावात हूझियर स्लाइड नावाची वाळूची टेकडी होती, सुमारे २०० फूट उंच. लोक तिच्यावर सहलीला जायचे. काच कारखान्यांना वाळू हवी होती, बॉल कंपनीलाही. वॅगनी भरभरून वाळू गेली आणि १९२० पर्यंत टेकडी जमीनदोस्त झाली. आता तिथं वीज केंद्र आहे. निळी बरणी उजेडात धरून बघताना मला ही टेकडी आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या भीमा-सीनेच्या वाळूचं काय होतंय ते बघणाऱ्या माणसाला ती आठवणारच.

तारेच्या कडीचं काचेचं झाकण असलेली 'लाइटनिंग' बरणीही कधीतरी मिळते. चार्ल्स द क्विलफेल्टचं मूळ पेटंट १८७५ चं, फळांच्या बरणीसाठी हेन्री पटनमनं ते १८८२ पासून चालवलं. बुडाला पटनम हे नाव आणि आकडा बघावा. ब्रिटिश घरांतली असेल तर यॉर्कशायरच्या किल्नर घराण्याचं नाव मिळू शकतं. त्यांची मूळ कंपनी १९३७ साली बुडाली आणि नाव दुसऱ्यांकडं गेलं, म्हणून नुसतं किल्नर वाचून जुनी समजायची नाही.

रंगाबद्दल इथल्या उन्हामुळं मला नेहमी एक प्रश्न येतो. पारदर्शक काच जांभळी होते म्हणतात, ते खरं का? खरं आहे. वाळूतल्या लोखंडाचा हिरवा रंग मारायला काचेत मँगनीज घालत असत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की अतिनील किरणांनी मँगनीजची अवस्था बदलते आणि काच फिकट जांभळी पडते. हे मुख्यतः १८८० ते १९२० च्या दरम्यानच्या काचेत. पुढं सेलेनियम आलं, ती काच उन्हानं किंचित गवती पिवळसर होते. माझ्या गच्चीवर मँगनीजची एक बरणी आहे. सोलापूरचं चव्वेचाळीस अंशांचं ऊन खाऊनसुद्धा तिच्यावर आलेला रंग पांढऱ्या कागदापुढं धरला तरच दिसतो. बाजारात गडद, वांगी रंगाच्या ज्या बरण्या मिळतात त्या यंत्रात किरणोत्सर्ग देऊन रंगवलेल्या असतात. असल्या बरणीची काच खरोखर जुनी असू शकते, पण तिचा मूळ रंग कायमचा गेला. पैशासाठी कोणी असं करावं याचा मला मनापासून राग येतो, कारण काचेची रासायनिक ओळख हाच तिचा दाखला असतो.

नव्या बरण्यांचं सांगायला हवं. बॉल कंपनीनंच 'परफेक्ट मेसन'च्या शंभरीनिमित्त २०१३ साली निळ्या, २०१४ साली हिरव्या आणि २०१५ साली जांभळ्या बरण्या काढल्या. त्यावर अमेरिकन हेरिटेज आणि १९१३ ते १९१५ अशी सालं आहेत. त्या साली त्या झाल्या नाहीत, त्यांची आठवण म्हणून ती सालं उठवलीत. भाच्यानं न्यू जर्सीहून "आत्या, तुझ्यासाठी १९१५ ची घेतली" म्हणून हौसेनं आणलेली हीच. मी ती स्वयंपाकघरात ठेवलीय, धणे भरून, आणि मला ती आवडते. कोल्ड कॉफीच्या दुकानांत कान असलेल्या ज्या बरण्यांतून सरबत देतात त्याही नव्याच. जुन्या फळांच्या बरणीला कान नसतो.

परदेशी बरण्यांवर मी इतकं लिहिलं, पण सोलापूरकरांच्या माळ्यावर खरा खजिना वेगळा आहे. हॉर्लिक्सच्या जाड काचेच्या बाटल्या. प्रत्येक घरात एखादी होती, तिच्यात शेंगाची चटणी नाही तर लिंबाचं लोणचं असायचं. त्यातल्या जुन्या बाटल्यांवर उठावाच्या अक्षरांत गावांची नावं असतात: अमेरिकेतलं रॅसीन, इंग्लंडमधलं स्लाव. कंपनी १८७३ साली अमेरिकेत सुरू झाली आणि स्लावचा कारखाना १९०८ साली. म्हणून ज्या बाटलीवर स्लाव आहे ती १९०८ च्या आधीची असूच शकत नाही. आपल्याकडं पंजाबातल्या नाभ्याला हॉर्लिक्सचा कारखाना १९६० च्या सुमारास निघाला. वयाचा एवढा चांगला दाखला फार थोड्या वस्तू देतात आणि या बाटल्या किलोच्या भावानं जातात.

देशी बरणीवर अक्षरं कमी आणि कागदी चिठ्ठी जास्त. चिठ्ठी टिकली असेल तर ती भिजवून काढू नका, हात जोडून सांगते. तिच्यावर किंमत आण्यांत असेल तर माल १९५७ च्या आधीचा किंवा फार तर बदलाच्या काळातला. 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४, कारण नवा पैसा १ एप्रिल १९५७ ला आला आणि १९६४ मध्ये त्याचं 'नवा' गेलं. वजन शेरात, पौंडात की ग्रॅममध्ये तेही बघा, दशमान मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. मुरंबा, जॅम, लोणचं यांच्या चिठ्ठीवर एफपीओ, म्हणजे फळांच्या पदार्थांसाठीचा सरकारी शिक्का, असेल तर १९५५ नंतरचं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, आणि मुंबई असं इंग्रजीत लिहिलेलं असेल तर बहुधा १९९५ नंतरचं. कोणत्याही पुस्तकात न बघता घरातल्या मोठ्या माणसांना विचारून यातलं निम्मं पडताळता येतं.

महाराष्ट्राच्या काचेचा इतिहास तर जवळचाच आहे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केलेला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना १९१६ चा, प्रभाकर कंदील त्यांचाच. स्वदेशीच्या हाकेतून निघालेल्या या कारखान्यांतली काच अजून घराघरांत असणार. अमेरिकेत एकेका मेसन बरणीच्या प्रकारांना क्रमांक देऊन याद्या केल्यात. आपल्याकडं या काचेची अशी यादी व्हायला हवी. मी माझ्यापुरती वही घातली आहे: काठ, रेघा, बूड, रंग, अक्षरं, चिठ्ठी, आणि ती कुठल्या पेठेतून आली. गोटी सोड्याच्या बाटल्यांचं वेगळं पान आहे. हिरम कॉडची ती करामत १८७२ ची. तिच्यातली गोटी काढायला पोरांनी इतक्या बाटल्या फोडल्या की आख्खी बाटली मिळणं अवघड झालंय.

शेवटी साफसफाई, कारण बरण्या वापरात जेवढ्या जात नाहीत तेवढ्या धुण्यात जातात. उन्हात तापलेली बरणी नळाखाली धरू नका, आणि थंडीतली बरणी गरम पाण्यात बुडवू नका. जुनी काच एकदम तडकते. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसला असेल तर पांढरं व्हिनेगर घालून रात्रभर ठेवा, निघतो. व्हिनेगरनंही न निघणारा, काच ओली असताना दिसेनासा होणारा आणि वाळली की परत उठणारा धुरकटपणा हा काचेचाच झालेला असतो. वर्षानुवर्षं ओलाव्यानं पृष्ठभाग झिजतो, तो घासून जात नाही. तारेची घासणी लावली तर अक्षरांच्या कडा जातात. आणि या बरण्यांत उकळून, हवाबंद करून काही टिकवायचा प्रयत्न करू नका. टवक्याच्या काठावर झाकण नीट बसत नाही, काच उष्णता सोसेल याची खात्री नसते आणि बंद बरणीत होणारी विषबाधा जिवावर बेतते. डाळी, धणे, बटणं ठेवा.

विकत घेताना बरणी फार चमकत असेल तर खिशातून कापूस आणि थोडं स्पिरिट काढा. मी दोन्ही पिशवीत ठेवते. धुरकट काचेवर तेलाचा हात फिरवला की ती तासभर नव्यासारखी दिसते. आतल्या बाजूनं स्पिरिटचा बोळा फिरवा, दोन मिनिटं थांबा. काच तशीच स्वच्छ राहिली तर घ्या. दूधकट पट्टा उमटला तर दुकानदाराला तो दाखवा आणि अर्ध्या किमतीपासून बोलायला सुरुवात करा.